छापा आला तर हो

पहिल्याच दिवशी, पहिल्याच डब्यात, पहिल्याच बाईंनी मला सांगितलं की त्या लग्नाला चालल्या आहेत.

त्यांच्या मांडीवर स्टीलचा डबा होता, डब्यावर घटक चाचणीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा आणि हातात लाल पेन. मी टॅबवर 'प्रवासाचं कारण' या प्रश्नाखाली 'कौटुंबिक समारंभ' निवडलं.

"या गाडीनं किती वेळा जाता?"

"पहिल्यांदाच," बाई म्हणाल्या आणि तिसरीतल्या कुणाच्या तरी उत्तराला अर्धा गुण दिला.

त्यांच्या समोर जाड मिशांचा एक माणूस बसला होता. पायाशी कापडी पिशवी, पिशवीत मातीच्या पुड्या, प्रत्येक पुडीवर शेतकऱ्याचं नाव आणि गट नंबर. तो म्हणाला, "मयतीला."

"कोणाच्या?" हा प्रश्न फॉर्मवर नव्हता. मला उगाच जाणून घ्यावंसं वाटलं.

"चुलत्याच्या."

दुसऱ्या दिवशी तो त्याच जागेवर होता. पिशवीतल्या पुड्या नव्या होत्या, पण तो पुन्हा मयतीलाच निघाला होता.

"काल चुलते वारले होते ना?"

"हाव," तो म्हणाला. "लई चुलते हायत आमाला."

मी नांदेडची. संख्याशास्त्रात एमएस्सी झाल्यावर पुण्यातल्या एका सर्वेक्षण कंपनीनं मला तीन महिन्यांसाठी घेतलं आणि लातूरला मावशीकडे राहायची सोय आहे म्हटल्यावर ही गाडी माझ्या गळ्यात घातली. गाडी म्हणजे प्रायोगिक तत्त्वावर सुरू झालेली डेमू रेल्वे. एका टोकाला उदगीर, दुसऱ्या टोकाला औसा रोड आणि मधोमध लातूर. लहान गावांतल्या लोकांना सकाळी कामासाठी शहरात आणायचं आणि संध्याकाळी घरी सोडायचं, असा पुण्यातल्या नकाशावरचा विचार होता. तसा प्रश्नही फॉर्मवर होता: 'आपण शहरात कोणत्या कामासाठी येता?'

प्रत्यक्षात सकाळी उदगीरहून येणारी गाडी रिकामी असायची. पेपर पसरून वाचता येईल इतकी. तीच गाडी आठला दहा कमी असताना लातूरहून परत उदगीरकडे निघायची तेव्हा उभं राहायला जागा नसायची. हे शहर सकाळी माणसं बाहेर पाठवत होतं आणि संध्याकाळी गोळा करत होतं. पुण्याच्या फॉर्ममध्ये त्याला रकानाच नव्हता.

आणि ही भरलेली गाडी, माझ्या टॅबप्रमाणे, सगळी लग्नाला किंवा मयतीला चालली होती. काही जण दवाखान्यात, दोघं-तिघं पोरगी बघायला. नोकरीवर जाणारा एकही नाही. रोज येणारा एकही नाही. मी तिकीट खिडकीवर जाऊन मासिक पासाची चौकशी केली. आत बसलेल्या बाईंनी संगणकात बघून सांगितलं, "उदगीरच्या बाजूला? एक विकला जातो. एकच."

मला वाटलं, चुकून घेतला असेल कुणीतरी.

तिसऱ्या दिवशी माझा संयम संपला. उत्तरपत्रिकावाल्या बाई पुन्हा लग्नाला निघाल्या होत्या.

"बाई, पितृपक्ष चालू आहे."

लाल पेन थांबलं.

"साखरपुडा आहे," त्या म्हणाल्या.

"पितृपक्षात?"

समोरचा मिशावाला इतका हसला की त्याच्या पुड्या पायावर कलंडल्या. "मी म्हणलं न्हवतं का मॅडम, मयत बरी. मयतीला मुहूर्त लागत न्हाई." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, बसा इथं. कवाधरनं उभ्याच हाव तुमी. कोण पाठवलंय तुमाला? खरं सांगा."

मी ओळखपत्र दाखवलं. त्यानं ते दोन्ही बाजूंनी बघितलं आणि मागच्या सीटवर दिलं. तिथून ते डब्यात फिरून आलं. परत आलं तेव्हा त्यावर शेंगदाण्याच्या चटणीचं बोट उमटलं होतं.

मिशावाल्याचं नाव वीरण्णा, कृषी सहायक. बाईंचं नाव सौदामिनी. बोरतळा नावाच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत त्या शिकवतात. खिडकीशी डोळे मिटून बसलेले, पण ऐकत असलेले गृहस्थ म्हणजे त्याच शाळेचे मुख्याध्यापक किशनराव. आणि डब्यातले बाकीचे सगळे शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी, पशुधन पर्यवेक्षक, आरोग्यसेविका.

"म्हणजे तुम्ही सगळे रोज अपडाऊन करता," मी म्हणाले.

डबा एकदम शांत झाला. सार्वजनिक ठिकाणी मी काहीतरी अचकट बोलले असावे, तसा.

"हळू," सौदामिनी बाई म्हणाल्या. "तो शब्द नको."

मग त्यांनी मला समजावलं, तिसरीच्या मुलांना समजावतात तसं. सरकारी माणसानं नोकरीच्या गावी, म्हणजे मुख्यालयी, राहायचं असतं. राहतो असा ग्रामसभेचा ठराव दरवर्षी लागतो. कागदावर बाई बोरतळ्यात मारुतीच्या देवळामागच्या एका खोलीत राहतात. किशनरावही त्याच खोलीत राहतात. वीरण्णाही. आरोग्यसेविकाही.

"एका खोलीत किती जण?"

"कागदावर? सात," किशनराव डोळे न उघडता म्हणाले. "प्रत्यक्षात कडबा आहे."

"मग तुम्ही खरंच तिथं का नाही राहत?"

वीरण्णानं खांदे उडवले. "कडब्याला अडचन व्हती." पण बाई हसल्या नाहीत. त्यांची मुलगी वैष्णवी बारावीला होती, नीटची तयारी करत होती. तिचे क्लास लातूरमध्ये होते, आणि नवरा बँकेच्या नोकरीत नांदेडला. सकाळच्या गाडीनं जाऊन संध्याकाळच्या गाडीनं परतलं तर मुलीच्या सकाळच्या चहाला आणि रात्रीच्या जेवणाला आई घरी असायची. ही गाडी सुरू व्हायच्या आधी त्या दोन एसटी आणि एक वडाप बदलून जायच्या. शाळा गाठायच्या पण घर गाठायचं राहून जायचं. "मे महिन्यापर्यंत मला ही गाडी हवीय," त्या म्हणाल्या. "मग काय व्हायचं ते होऊ दे."

तेव्हा मला सांगावंच लागलं. सर्वेक्षणात निम्म्याहून जास्त प्रवासी रोजचे निघाले तर गाडीची वेळ आहे तीच राहणार होती. नाही निघाले तर ती साडेदहावर जाणार होती. लग्नाला, मयतीला आणि दवाखान्यात जाणाऱ्यांना तीच सोयीची.

"साडेदहाला शाळेत दुसरा तास संपतो," बाई म्हणाल्या.

"आणि आतापर्यंत रोजचे किती निघाले?" किशनरावांनी आता डोळे उघडले होते.

"शून्य."

*

मला वाटलं, आता सगळे खरं सांगतील. तसं काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, नाव लिहीत नाही, फोन नंबर लिहीत नाही, फक्त हो किंवा नाही. ते माझ्याकडे प्रेमानं बघत राहिले. एका ग्रामसेवकानं मला पेरू दिला. पण टॅब पुढे केला की उत्तर ठरलेलं: पहिल्यांदाच येतोय, लग्नाला. पितृपक्षाची आठवण करून दिली की, मयतीला.

कारण होतं राजशेखर साहेब. हे बोरतळ्याच्या तालुक्याचे गटशिक्षणाधिकारी. त्यांनी मागच्याच महिन्यात पत्र काढलं होतं की मुख्यालयी न राहणाऱ्या शिक्षकांची बदली दूर टोकाच्या शाळेत होईल. पत्रावर न थांबता ते सकाळी सात वाजता कुणालाही व्हिडिओ कॉल करायचे आणि म्हणायचे, "खोली दाखवा." सौदामिनी बाईंनी लातूरच्या फ्लॅटमधल्या एका भिंतीला शेणाच्या रंगाचा डिस्टेंपर दिला होता. साहेबांचा कॉल आला की वैष्णवी रसायनशास्त्राचं पुस्तक बाजूला ठेवून पडद्याआड बैलाच्या गळ्यातली घंटा वाजवायची.

"दोनदा फसले साहेब," बाई म्हणाल्या. "पण तुझ्या त्या टॅबात एकदा 'हो' गेलं की ते कुठं जाईल कुणाला माहीत?"

त्यांचं चूक नव्हतं. टॅबमध्ये वेळ, डबा, सीटची बाजू सगळं नोंदलं जात होतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही साखरपुड्याला गेले असते.

त्या रात्री मावशीकडे जेवताना मला एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षातला एक धडा आठवला. लोकांना जे कबूल करायची लाज वा भीती वाटते ते कसं विचारायचं, याचा. तो परीक्षेला नव्हता, म्हणूनच मी तो नीट वाचला होता.

सकाळी डब्यात उभी राहून मी तो सांगितला. प्रत्येकानं एक नाणं घ्यायचं. मला दाखवायचं नाही. उडवायचं, तळहाताखाली झाकून एकट्यानं बघायचं. छापा आला, तर माझ्या प्रश्नाला 'हो' म्हणायचं, खरं काहीही असो. काटा आला, तर खरं उत्तर द्यायचं. प्रश्न एकच: तुम्ही या गाडीनं रोज येता-जाता का?

"म्हणजे मी 'हो' म्हटलं," किशनराव सावकाश म्हणाले, "तर त्याचा अर्थ एवढाच की छापा आला असेल."

"किंवा तुम्ही रोज येत असाल. कोणतं ते मला कधीच कळणार नाही. कुणालाच नाही."

"मग तुला काय कळणार?"

"शंभर जणांनी नाणं टाकलं तर साधारण पन्नास जणांना छापा येईल. ते पन्नास 'हो' मी वजा करेन. उरलेले 'हो' खरे. त्यांची दुप्पट केली की शंभरात रोजचे किती ते येतं. कोण ते नाही येत. किती ते येतं."

डब्यात विचार सुरू झाला. तो ऐकू येत होता, इतके शिक्षक एका ठिकाणी होते. मग वीरण्णा म्हणाला, "म्हंजी साहेबानं पकडलं तर म्हणायचं, साहेब, छापा आला व्हता."

"हो."

"आन ते खोटं बी न्हाई."

"असेलच असं नाही."

"ताई," वीरण्णा म्हणाला, "एवढी शिकलेली पोरगी आमच्यासंगं अपडाऊन करून राहिली, आन आमाला पत्ता न्हाई."

नाणी निघाली. छापा कोणता आणि काटा कोणता यावर दोन विज्ञान शिक्षकांचं भांडण झालं, ते एका भूगोलाच्या बाईंनी मिटवलं. चालत्या गाडीत नाणी सीटखाली घरंगळत गेली, लोक गुडघ्यांवर बसून एकमेकांची नाणी शोधत राहिले. काहींनी नाणं खिशातून बाहेरच काढलं नाही; नुसतं खिशात हात घालून विचार केला आणि म्हणाले, "हो." मला बघायची परवानगीच नव्हती.

डबा संपला, पुढचा घेतला. हो. हो. हो. आठवडाभर मी गाडीभर हिंडले. फक्त इंजिनामागचा डबा माझ्या हाताला पुरता लागला नाही. तिथं पोचेपर्यंत तालुक्याचं स्टेशन यायचं आणि तो रिकामा व्हायचा.

एवढ्या सगळ्यांत एकच 'नाही' आलं. शरणम्मा नावाच्या म्हाताऱ्या बाई लेकीकडे उदगीरला निघाल्या होत्या. त्यांनी दस्तीरुमालाच्या गाठीतून नाणं काढलं, उडवलं, बघितलं आणि सगळ्यांना ते दाखवून म्हणाल्या, "काटा आला. मी कशाला रोज येऊ? न्हाई." सगळा डबा त्यांच्याकडे असा बघत राहिला, जणू त्या परीक्षेत एकट्याच नापास झाल्या.

त्या दिवशी परतीच्या गाडीत सौदामिनी बाई माझ्याशेजारी येऊन बसल्या. उत्तरपत्रिका तपासून झाल्या होत्या, तरी लाल पेन हातातच होतं.

"मला खरंच काटा आला होता गं," त्या म्हणाल्या. "कितीतरी दिवसांनी कुणाला तरी खरं सांगितलं. चुकल्याचुकल्यासारखं झालं."

*

हिशेब करायला मला कॅल्क्युलेटरची गरज पडली नाही. शंभरात जवळजवळ शंभर 'हो'. त्यातून पन्नास गेले, पन्नास उरले. दुप्पट, शंभर. गाडीतले जवळजवळ सगळे प्रवासी रोजचे होते.

मी अहवाल पाठवला. पुण्याहून माझे पर्यवेक्षक रविकिरण सरांचा फोन आला. "अक्षरा, उत्तर भारी आहे. पण एक सांग, सगळेच 'हो' म्हणाले तर त्या नाण्याचा आडोसा कसला?"

फोन ठेवल्यावर मी आकडे पुन्हा बघितले. सरांचं बरोबर होतं. थोडे लोक 'हो' म्हणाले असते तर प्रत्येकाला छाप्यामागे लपता आलं असतं. सगळेच 'हो' म्हणाले, तेव्हा छाप्यामागे लपायला कुणी उरलंच नाही. मी प्रत्येकाला एकेक छत्री दिली होती, आणि सगळे मिळून त्या छत्र्या घेऊन उन्हात उभे राहिले होते, लांबून दिसतील असे.

आणि लांबून दिसलेच. नवरात्र सुरू झालं त्या आठवड्यात एका स्थानिक पेपरात बातमी आली: सकाळच्या डेमूचे बहुतांश प्रवासी रोज ये-जा करणारे नोकरदार, वेळ कायम ठेवण्याची शिफारस. अर्धा डबा खुश झाला. उरलेल्या अर्ध्याला ती बातमी आणखी कोण कोण वाचतं ते लगेच आठवलं.

सोमवारी गाडी सुटायच्या दोन मिनिटं आधी राजशेखर साहेब आमच्या डब्यात चढले.

मी त्यांना आधी बघितलं नव्हतं, तरी ओळखलं. ते आत आले तसा डबा पुढून मागे शांत होत गेला, वर्गात मास्तर शिरल्यावर होतो तसा. हातात घडी घातलेला पेपर होता. वीरण्णानं उठून जागा दिली. साहेब बसले, थेट सौदामिनी बाईंच्या समोर. गाडी हलली.

"मॅडम, शाळा बोरतळ्याची ना तुमची?"

"हो साहेब."

"राहता बोरतळ्यातच. ठराव आहे माझ्याकडे. मग सकाळी लातूरहून कशा?"

"मुलीला बरं नव्हतं. काल आले होते."

"बरं." त्यांनी पेपर उघडला. "इथं सर्वेक्षण झालं म्हणतात. तुम्हाला विचारलं होतं?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. "विचारलं होतं."

"काय सांगितलंत? रोज येता का म्हणून?"

"हो म्हणाले."

"म्हणजे रोज येता."

"छापा आला होता, साहेब."

साहेबांना कळलं नाही. मग बाईंनी त्यांना सगळं समजावलं. नाणं, छापा, काटा, वजाबाकी. आवाज जराही हलला नाही. फक्त लाल पेनाचं टोपण त्या काढत होत्या आणि लावत होत्या. साहेबांनी नीट ऐकून घेतलं. मग किशनरावांकडे वळले.

"सर, तुम्हाला?"

"छापाच."

"कृषी?"

"छापा, साहेब. खणखणीत."

साहेबांनी मान वर करून डब्याला विचारलं, "आणि बाकीच्यांना?" मागच्या कुठल्यातरी सीटवरून एक बारीक आवाज आला, "आमचाबी छापा."

"मी गणिताचा शिक्षक होतो," साहेब म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "सर्वेक्षणवाल्या तुम्हीच ना? एवढ्या लोकांना एकाच वेळी छापा येण्याची शक्यता किती?"

मी सगळं शिक्षण आठवून बघितलं. "शून्य नाही, सर."

"शून्य नाही म्हणजे?"

"दशांश चिन्हानंतर बरीच शून्यं आहेत. पण शून्य नाही."

साहेब हसले नाहीत. खिशातून छोटी डायरी काढली, मांडीवर उघडली. "मॅडम, पूर्ण नाव सांगा." बाईंनी पेनाचं टोपण लावलं आणि पेन पर्समध्ये ठेवलं. आता ते लागणारच नाही, अशा रीतीनं. साहेबांनी 'सौ' लिहिलं तेवढ्यात दारातून टीसी आला.

सगळ्यांनी तिकिटं काढली. त्या दिवसाची, रोजच्यासारखी. पास कुणाकडेच नसायचा, कारण पासावर नाव असतं, गाव असतं, महिना असतो. पास म्हणजे सही केलेला कबुलीजबाब. एवढी काटकसर करणारी माणसं तिकिटाला रोज रांग लावायची, ते का हे मला पेरू खाताना कळलं होतं.

साहेबांनी पाकीट उघडलं. टीसीनं हात हलवला.

"असू द्या साहेब, तुमचा पास काय रोज रोज बघायचा." आणि पुढे जाता जाता थांबून म्हणाला, "आज इकडं कसं काय? रोज तर इंजिनामागं बसता."

टीसी पुढच्या डब्यात गेला. दार आपटलं.

साहेब पाकिटाकडे बघत होते. पाकीट मिटवावं की उघडं ठेवावं हे ठरत नसल्यासारखे. मग वीरण्णा पुढे वाकला आणि फार हळव्या आवाजात म्हणाला,

"साहेब, कोण वारलं?"

मागे कुणीतरी हसू दाबलं, ते खोकल्यासारखं बाहेर आलं. किशनरावांनी पुन्हा डोळे मिटून घेतले, या वेळी घट्ट.

मी टॅब काढला. ही मस्ती नव्हती, नियम होता: मार्गावरच्या प्रत्येक डब्याची नोंद हवी, आणि इंजिनामागच्या डब्याची माझ्याकडे नव्हती. मी म्हणाले, "सर, तुमचं उत्तर राहिलंय."

"आता अहवाल गेला की."

"पुरवणी पाठवता येते."

वीरण्णानं खिशातून नाणं काढलं, शर्टाला पुसलं आणि साहेबांच्या तळहातावर ठेवलं. साहेबांनी ते अंगठ्यावर घेतलं. गणिताच्या माणसासारखं नीट उडवलं, झेललं, झाकलं. मग हात किंचित उचलून बघितलं. आम्ही कुणी बघितलं नाही. तेवढी शिस्त डब्याला एव्हाना लागली होती.

बाहेर बोरतळ्याचं फाटक आलं. गाडीचा वेग कमी झाला. साहेब अजून नाण्याकडेच बघत होते.

"हो," ते म्हणाले.

मी 'हो' वर टिचकी मारली. छापा होता की काटा, मी विचारलं नाही. विचारायचं नसतं.

साहेबांनी नाणं वीरण्णाला परत दिलं, डायरीचं ते पान फाडलं, घडी घातली आणि पेपरात ठेवलं. सौदामिनी बाई डबा आणि गठ्ठा सावरत उठल्या. किशनराव आधीच दाराशी होते. गाडी थांबता थांबता साहेब म्हणाले,

"मॅडम, ती तुमची देवळामागची खोली. पोळ्याला मी आत डोकावलो होतो."

बाई थांबल्या.

"कडबा चांगला ठेवलाय," साहेब म्हणाले. "कोरडा." मग आवाज खाली आला. "तालुक्याला अशी एखादी खोली असेल कुणाची, तर कळवा. माझ्या खोलीत घरमालकानं पिठाची गिरणी टाकली. सकाळी सातला मलाही वरून कॉल येतो. तिथं राहिलो तरी पीठ उडतानाच दिसेल."

बाईंनी क्षणभर विचार केला. वर्गात नवीन मुलगा आल्यावर त्याला कुठं बसवायचं, असा.

"खोलीचं बघते," त्या म्हणाल्या. "तोपर्यंत घंटा देऊ का? आमच्याकडे दोन आहेत."

गाडीची वेळ बदलली नाही. वैष्णवीची परीक्षा मे महिन्यात आहे, आणि सकाळी चहा करून आई आठला दहा कमी असताना सुटणारी गाडी गाठते. माझं काम संपलं, पण नांदेडला परतण्याआधी मी सवयीनं तिकीट खिडकीवर गेले आणि उदगीरच्या बाजूच्या मासिक पासांची चौकशी केली.

आतल्या बाईंनी संगणकात बघितलं. "एकही नाही," त्या म्हणाल्या. "मागच्या महिन्यापर्यंत एक जात होता."